बयानात नसलेली कोंबडी

मागच्या हिवाळ्यात नागपुरात धरमपेठेतल्या एका सभागृहात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि काचेच्या चौकटीत सोनेरी अक्षरं : ‘युद्धगुन्हेगाराला गजाआड धाडणारी नागपूरची लेक’. बासष्टाव्या वर्षी लेक म्हणवून घ्यायला जरा संकोच वाटला, पण ‘सेवानिवृत्त महिला पोलीस निरीक्षक’ एवढं चौकटीत मावलं नसतं. प्रास्ताविक करणाऱ्या गृहस्थांनी मी आफ्रिकेत नराधमांशी दोन हात केल्याचं सांगितलं. दोन्ही हात मी वापरले हे खरं, पण ते लॅपटॉपवर. टाळ्या मात्र भरपूर पडल्या आणि मी त्या घेतल्या.

कार्यक्रम संपल्यावर मेश्रामकाका भेटले. इतवारीतून एकटेच ऑटो करून आले होते. वय ऐंशीच्या पुढे, पण शर्टाच्या खिशाला अजून दोन पेन, एक निळं आणि एक काळं. मी फौजदार म्हणून पहिल्या ठाण्यात रुजू झाले तेव्हा ते तिथले रायटर होते. रायटर म्हणजे ठाण्याची लिखापढी सांभाळणारा हवालदार. ठाणं ठाणेदार चालवतो ही समजूत बाहेरच्यांची. ठाणं रायटर चालवतो.

काकांनी पेढा रुमालात बांधला, घरी नेण्यासाठी, आणि हळूच विचारलं, “मॅडम, आपली पद्धत चालली का तिकडं?”

“चालली ना काका,” मी म्हटलं. “खूप चालली.”

म्हातारा इतका खूश झाला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘थरारक अनुभव’ मागितला होता. थरार काही माझ्याजवळ नाही. काकांना मारलेली ही थाप तेवढी आहे, आणि ती का मारली हे सांगायचं तर आधी आपली पद्धत सांगायला हवी.

गुन्हा घडला की पोलीस साक्षीदारांची बयानं घेतात. बयान म्हणजे साक्षीदार सांगेल ते आणि पोलीस लिहितील ते, आणि या दोन गोष्टींत साधारण इतवारी ते धरमपेठ एवढं अंतर असतं. साक्षीदार सांगतो, “साहेब, मी भाजी घ्याले गेलो होतो, तिथं मले माझा साळा भेटला, तो म्हणे चहा पिऊ...” आणि रायटर लिहितो, “मी वरील ठिकाणी हजर असताना.” साळा गेला, चहा गेला, भाजीही गेली. उरतो तो पुरावा, असं आम्ही समजत होतो.

पंचांचंही तसंच. जप्ती किंवा झडती दोन तटस्थ नागरिकांसमोर करायची असा कायदा. पण तटस्थ नागरिकाला पोलीस दिसले की तो गल्ली बदलतो. म्हणून आमच्या ठाण्यासमोरचा एक पानवाला आमचा कायमचा पंच होता. त्यानं आयुष्यात इतक्या पंचनाम्यांवर सह्या केल्या की त्याची सही माझ्यापेक्षा ठसठशीत झाली होती. एकदा उलटतपासणीत वकिलानं त्याला विचारलं, “तुमच्यासमोर काय जप्त झालं?” तो शांतपणे म्हणाला, “जे लिहिलं असंल ते.” आरोपी सुटला. पानवाल्याला कोर्टाबाहेर मी झापलं तर म्हणे, “मॅडम, मी खोटं बोललो का?” बोलला नव्हता.

यावर हसता येतं. पुढच्या गोष्टीवर मला अजून हसता येत नाही.

माझं आजोळ नागपूर जिल्ह्यातल्या कुहीकडचं. त्याच बाजूच्या एका धानाच्या गावात शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, खून झाला आणि तपास माझ्याकडे आला. तिघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी नवी होते, उत्साही होते, तिघांचं जसंच्या तसं लिहून घेतलं. एक म्हणाला काठी उजव्या हातात होती, दुसरा म्हणाला डाव्या. तिसऱ्यानं काठीच पाहिली नव्हती, त्यानं कुऱ्हाड पाहिली होती. कोर्टात बचावाच्या वकिलानं दोन तास फक्त डावं-उजवं केलं. आरोपी निर्दोष सुटला आणि गुलाल उधळत गावी गेला. मेलेल्या मुलाची आई कोर्टाच्या पायरीवर बसली होती. माझा हात धरून म्हणाली, “काहून सुटला वं माय? तिघायनं तर पाह्यलं होतं.”

मी ठाण्यात येऊन रडले. मेश्रामकाकांनी चहा मागवला आणि मला माझ्या धंद्यातलं एकमेव गुह्य सांगितलं.

“तिघायनं खरं सांगितलं म्हणून तर सुटला ना तो, मॅडम. खरं बोलणाऱ्याचं कधी जुळत नाही. ते जुळवा लागते. पहिल्याचं बयान पुरं घ्याचं. बाकीच्यायचं त्याच्यावर बसवाचं. साक्षीदार पाच असो का पन्नास, तोंड एकच पाहिजे. आन कच्चं लिहिलेलं फाडून टाकाचं. कच्चा कागद ठाण्यात राहिला का खटला कच्चा.”

काका लाचखाऊ नव्हते, दुष्टही नव्हते. त्यांनाही ती आई दिसली होती. त्यानंतर नागपुरात होते तोवर मी जुळवत राहिले, आणि माझे आरोपी सहसा सुटले नाहीत.

पुढे एका शांतिसेनेबरोबर माझी परदेशात प्रतिनियुक्तीवर नेमणूक झाली. तिथून एका आंतरराष्ट्रीय युद्धगुन्हे न्यायालयाच्या तपास विभागात अर्ज केला. देशाचं आणि न्यायालयाचं नाव देत नाही, का ते पुढे कळेलच. मुलाखतीत विचारलं, तुमचं बलस्थान काय? मी म्हटलं, “माझे साक्षीदार फुटत नाहीत.” तिघं परीक्षक एकमेकांकडे पाहून समाधानानं हसले. त्यांनी कारण विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

हा कायदा काय असतो ते थोडक्यात सांगते. शेजाऱ्यानं शेजाऱ्याला मारलं तर त्याला प्रत्येक देशात कलम आहे. पण सरकारी जीप घेऊन अधिकारीच आला आणि त्याच्या इशाऱ्यावर गाव मारलं गेलं तर तक्रार द्यायची कुणाकडे? त्याच्याचकडे ना! हा पेच सोडवायला दुसऱ्या महायुद्धानंतर जगानं सुरुवात केली. आधी जेत्यांनी हरलेल्यांवर खटले भरले. मग बरीच वर्षं सगळ्यांनी तो विषय सोयीस्करपणे विसरून पाहिला, आणि पुन्हा कत्तली झाल्या तेव्हा पुन्हा न्यायालयं उभी केली. त्यातलं एक तत्त्व मला फार आवडलं. ज्याच्या हाताखालच्या माणसांनी अत्याचार केले, आणि ज्याला ते माहीत होते किंवा माहीत असायला हवे होते, आणि ज्यानं ते थांबवले नाहीत, तो वरिष्ठही गुन्हेगार. आपल्याकडे ‘वरिष्ठांना कल्पना नव्हती’ हे सुटकेचं वाक्य आहे. तिथं त्याच वाक्यावरून चौकशी सुरू होते. पहिल्या दिवशी हे वाचलं तेव्हा मला नागपुरातले माझे तीन-चार वरिष्ठ आठवले आणि फार बरं वाटलं.

आमचा आरोपी तिथला तहसीलदार म्हणा. चष्मा लावणारा, सभ्य, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा. त्यानं तीन गावांतल्या लोकांना ‘संरक्षणासाठी’ शाळांच्या आवारात गोळा व्हायला सांगितलं होतं. तिन्ही शाळांमध्ये काय झालं ते मी इथे लिहीत नाही. दिवाळी आहे. दोन गावांचे पुरावे इतरांकडे होते. तिसरं गाव माझ्याकडे आलं, डोंगरउतारावरचं, केळीच्या बागांतलं. त्यातून वाचलेल्या पाच बायका होत्या, सगळ्या विधवा. तहसीलदार त्या सकाळी स्वतः तिथे आला होता, एवढं त्यांच्याकडून शाबीत करायचं होतं.

दुभाषा म्हणून मला एक निवृत्त शिक्षक मिळाले. मी त्यांना गुरुजीच म्हणायची. बायका त्यांच्या भाषेत बोलत, गुरुजी इंग्रजीत सांगत आणि माझ्या कानात ते थेट कुहीच्या बोलीत उतरे. म्हणून इथेही तसंच देते.

साक्षीदारांना संरक्षणासाठी नावाऐवजी क्रमांक असतात. मी जिच्याबद्दल सांगणार आहे ती ट-७. तिचं खरं नाव लिहायला मला आजही बंदी आहे. उंच, काळीसावळी, हातावर भाजल्याचा जुना डाग. पहिल्याच दिवशी तिनं मला उलट प्रश्न केला.

“हे सगळं लिहून तुमी कुठं नेता?”

मी म्हटलं, न्यायालयात. शेवटी निकालाचं मोठं पुस्तक होतं, त्यात सगळं येतं.

“मंग आमच्या गावाचं येईन ना त्याच्यात? आमचे मेलेले कुठंच लिहून नाहीत वं बाई. शाळेचं रजिस्टर होतं, तेबी जाळलं त्यायनं.”

“येईल,” मी म्हटलं. तिला एवढंच हवं होतं. तहसीलदाराला फाशी देता की सोडता, यात तिला फारसा रस नव्हता. गाव पुस्तकात यावं.

मग तिनं सांगायला सुरुवात केली आणि सुरुवात कोंबडीपासून केली. तिची एक तपकिरी कोंबडी होती, डाव्या पायाचं एक बोट तुटलेली, आणि ती भवानी अंडी घालायला रोज शाळेजवळच्या कुंपणात जायची. त्या सकाळी ही अंडं शोधायला कुंपणात वाकली होती. तीन मुलं आधीच शाळेच्या आवारात गेली होती. जीप आली. पिवळ्या शर्टातला तहसीलदार उतरला, चष्मा पुसला, आपल्या हत्यारबंद पोरांकडे पाहिलं, हात हलवला आणि निघून गेला. मग सुरू झालं. कोंबडीबद्दल ती अर्धा तास बोलली. मुलांची नावं सांगताना तिनं प्रत्येक नावाला एक बोट दुमडलं.

दुसरी बाई डोंगरावर होती. तिनं पांढरा शर्ट पाहिला. तिसरी शाळेच्या खिडकीत होती, तिच्या मते चष्मा नव्हताच. चौथी म्हणाली तो जीपमधून उतरलाच नाही. पाचवी म्हणाली तो उतरला आणि चांगला दहा मिनिटं बोलला, आणि हे सकाळी नाही, दुपारी.

मला कोर्टाची पायरी दिसली. डावा हात, उजवा हात.

मी मुक्कामाच्या जागी बसले आणि जुळवलं. ट-७ चं बयान पुरं घेतलं आणि बाकीच्या चौघींचं त्यावर बसवलं. पिवळा शर्ट, जीप, सकाळ, चष्मा. मुलांच्या नावांचं ‘तीन अपत्ये’ केलं. कोंबडी काढली. तिच्या जागी ‘मी शाळेलगतच्या कुंपणापाशी हजर असताना’ आलं. एवढ्या भयंकर गुन्ह्याच्या कागदांत कोंबडी बरी दिसत नव्हती.

तिथे नियम असा की बयान साक्षीदाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचं आणि पानापानावर सही किंवा अंगठा घ्यायचा. गुरुजींनी वाचलं. बायका सगळ्याला हो म्हणाल्या. कागद घेऊन आलेल्या बाईला नाही कशाला म्हणायचं? अंगठे झाल्यावर गुरुजी माझ्याजवळ आले.

“मॅडम, मी चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. पाच वह्यांत शब्दाला शब्द सारखं उत्तर आलं की मी काय समजायचो, सांगू?”

“गुरुजी, उत्तर बरोबर असेल तर सारखंच येणार.”

“एका वाक्याचं येतं,” ते म्हणाले. “चार पानांचं येत नाही.”

मी त्यांना चहा दिला आणि कच्ची वही फाडली.

त्या न्यायालयात सगळं काचेचं आणि शांत असतं. आपल्या जिल्हा कोर्टातला पुकारा नाही, झेरॉक्सची दुकानं नाहीत. सगळ्यांच्या कानांना यंत्रं. साक्षीदारापुढे पडदा, म्हणजे बाहेरच्यांना ती दिसू नये. आम्ही तपास अधिकारी आपल्या खोलीत टीव्हीवर पाहायचो. बचावाचा वकील बारीक चणीचा, मऊ आवाजाचा होता. दर प्रश्नाआधी साक्षीदाराचे आभार मानायचा. असल्या वकिलाला मी नागपुरातही भ्यायची. आरडाओरडा करणाऱ्यांचं काही नाही.

त्यानं पाचही बयानांचा चौथा परिच्छेद वाचून दाखवला. एकामागून एक, अगदी सावकाश, स्वल्पविरामांसकट. तिसऱ्या बयानापर्यंत खोलीतलं कुणीही माझ्याकडे पाहत नव्हतं. मग त्यानं ट-७ चे आभार मानून विचारलं, “तुम्ही त्या सकाळी कुंपणापाशी कशासाठी गेला होता?”

“कोंबडीसाठी.”

“तुमच्या बयानात कोंबडी नाही.”

“मी तं सांगतली होती. त्या बाईनं नाही लिहिली.”

“की कोंबडी तुम्हाला आज सुचली?”

पडद्यामागून ती म्हणाली, “कोंबडी कोनाले सुचते का, साहेब?”

दुसऱ्या आठवड्यात मला साक्षीला बोलावलं. आमचे मुख्य वकील थंड देशातले, लाल नाकाचे, सज्जन गृहस्थ होते. एवढंच म्हणाले, “जे घडलं ते सांगा.” हा सल्ला मला पंचवीस वर्षांत कुणी दिला नव्हता.

माझ्या मनात हिशेब तयार होता. नागपूरच्या कोर्टात मी शेकडो वेळा शपथेवर एक वाक्य म्हटलं आहे : ‘बयान साक्षीदाराच्या सांगण्याप्रमाणे लिहिले आहे.’ ते झोपेतही म्हणता येतं. ते इथे म्हटलं असतं तर ट-७ खोटी पडली असती, तिनं कोंबडी मागाहून रचली असं झालं असतं. पण उरलेल्या चौघी कदाचित तगल्या असत्या. एकीला पाडून चौघींना वाचवायचं आणि गाव पुस्तकात आणायचं. मेश्रामकाकांनी हेच केलं असतं, आणि त्यांना रात्री झोपही लागली असती.

वकिलानं माझे आभार मानले. “साक्षीदार ट-७ नं तुम्हाला कोंबडीबद्दल सांगितलं होतं का?”

कानातल्या यंत्रात प्रश्न उतरायला क्षणभर लागतो. तेवढ्यात ते वाक्य माझ्या ओठांवर आलंच होतं. पण मला ती कुंपणात वाकलेली दिसली. तिचं सगळं गेलं होतं, आणि आता तिचा खरेपणाही मीच न्यायला निघाले होते.

“होय,” मी म्हटलं. “कोंबडी होती. तपकिरी. डाव्या पायाचं बोट तुटलेलं.”

“मग लिहिलं का नाही?”

“शोभत नव्हतं म्हणून.”

“आणि उरलेली चार बयानं?”

“ती मी जुळवली.”

“कच्च्या नोंदी?”

“फाडल्या.”

मधल्या न्यायाधीश वयस्क बाई होत्या. त्यांनी पेन खाली ठेवून मला कारण विचारलं. मी कुहीकडचा खटला सांगितला. डावा हात, उजवा हात, गुलाल, पायरीवरची आई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “ते तिघे खरं बोलत होते?”

“हो.”

“म्हणजे चूक न्यायालयाची झाली होती. आणि तुम्ही तेव्हापासून साक्षीदार दुरुस्त करत आलात.”

कुहीकडच्या त्या खटल्यानंतर माझ्या सगळ्या नोकरीत शपथेवर दिलेलं ते एकमेव संपूर्ण खरं बयान, आणि त्यानं माझ्याच खटल्याचा पाय मोडला.

निकाल लागला. तहसीलदाराला उरलेल्या दोन गावांसाठी दोषी धरलं आणि जन्मठेप दिली. तिसऱ्या गावाबाबत त्याला संशयाचा फायदा मिळाला. आमच्या कचेरीत केक कापला. लाल नाकाच्या साहेबांनी मला समजावलं की तिसरं गाव शाबीत झालं असतं तरी शिक्षा तीच राहिली असती, जन्मठेपेवर जन्मठेप काय द्यायची? कायद्यानं अगदी बरोबर. मी केक खाल्ला.

माझा करार वाढवला नाही. त्याचं पत्र अतिशय विनयशील होतं आणि सोबत सेवेबद्दल गौरवाचं प्रमाणपत्रही होतं. धरमपेठेतल्या मंडळींनी पाहिलं ते हे प्रमाणपत्र. माझ्यानंतर तिथल्या तपासाच्या नियमावलीत एक कलम वाढलं : साक्षीदार सांगेल ते सारं, असंबद्ध वाटलं तरी, नोंदवावं, आणि कच्च्या नोंदी कधीही नष्ट करू नयेत. कचेरीतले लोक त्याला कोंबडीचं कलम म्हणतात असं ऐकते. कायदा असाच वाढतो. कुणीतरी खड्ड्यात पडतं, मग तिथे पाटी लागते. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विकासात नागपूरचं योगदान कुणी विचारलं तर सांगायला एक कोंबडी आहे आपल्याकडे.

परत येण्याआधी मी एक गोष्ट मागून घेतली. निकाल लागला की तो समजावून सांगायला कचेरीची माणसं गावोगाव जातात. तिसऱ्या गावी मी जाते म्हटलं. कुणाला जायचंच नव्हतं, त्यामुळे लगेच परवानगी मिळाली. निकालाचं विटेएवढं जाड पुस्तक घेऊन मी आणि गुरुजी गेलो.

ट-७ अंगणात दाणे पाखडत होती. भोवती कोंबड्या. तिनं आम्हाला बाकावर बसवलं, पुस्तक पाहिलं आणि हात कमरेच्या कापडाला पुसून जवळ येऊन बसली.

“आलं का आमचं गाव?”

मी रस्ताभर ठरवलं होतं की खरं सांगायचं. एकदा खरं बोलून गेलेल्या माणसाला वाटतं, आता जमेल. मी पान काढलं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात टीप होती, दोन ओळींची : अमुक गावाबाबत पाच साक्षी सादर झाल्या, तपासातील दोषामुळे न्यायालय त्यांवर विसंबत नाही. मी तिचं बोट धरून त्यावर ठेवलं.

“हे तुमचं गाव,” मी म्हटलं. यात खोटं काही नव्हतं.

“काय लिहिलं? वाचा.”

मी तोंड उघडलं, आणि विसंबत नाही हे मला म्हणताच येईना. मी वाचायला लागले. त्या सकाळी ती कुंपणात अंडं शोधत होती. कोंबडी तपकिरी होती, तिच्या डाव्या पायाला एक बोट कमी होतं. जीप आली. शर्ट पिवळा होता. मी फाडलेली वही पानापानानं वाचत होते. तिच्या तिन्ही मुलांची नावं वाचली, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. ती इथे लिहिता येत नाहीत, पण तिथे मी ती मोठ्यानं म्हटली, आणि ती नावं ऐकताना तिनं बाकाची कड घट्ट धरली. गुरुजी वाक्यावाक्याला तिच्या भाषेत सांगत होते. त्यांचा चेहरा वर्गात असावा तसा होता. त्यांना इंग्रजी येत होतं आणि समोर काय छापलं आहे ते दिसत होतं. मध्येच त्यांनी शांतपणे पान उलटलं, जणू मजकूर पुढच्या पानावर गेला आहे.

ट-७ नं हात लांब करून ते पान परत उलटवलं आणि आपलं बोट जिथे होतं तिथे ठेवलं.

“ओळी दोनच हायत, बाई,” ती म्हणाली.

मी पुस्तक मांडीवरून बाजूला बाकावर ठेवलं. गुरुजी आपल्या बुटांकडे पाहत होते. माफीसुद्धा मला इंग्रजीत मागावी लागली असती आणि गुरुजींनी ती पोहोचवली असती.

ती उठली. मला वाटलं, आता जा म्हणेल. तिनं सूप भिंतीला टेकवलं.

“कोंबडीचं बरोबर सांगतलं तुमी,” ती म्हणाली. “थांबा. त्या चौघीले बलावते. त्यायचंबी वाचा.”

चौघी आल्या आणि जमिनीवर ओळीनं बसल्या. ट-७ नं पुस्तक पुन्हा माझ्या मांडीवर ठेवलं, त्याच पानावर. दुपार कलेपर्यंत मी त्या दोन ओळींतून पाच बयानं वाचली. पांढरा शर्ट आला तेव्हा डोंगरावरच्या बाईनं मान डोलावली, चष्मा नव्हता म्हटलं तेव्हा खिडकीतलीनं. जीपमधून तो उतरलाच नाही, आणि उतरून दहा मिनिटं बोलला. पाचजणींपैकी एकीचंही दुसरीशी जुळत नव्हतं, आणि कुणीही मला थांबवलं नाही.